आई, तो फोटो बघून घाबरू नकोस

प्रिय आई आणि बाबा,

दादाने तुम्हाला फोटो दाखवला म्हणे. मी मुद्दाम ग्रुपवर टाकला नव्हता आणि या माणसाने नेमका तोच दाखवला. तर हो, ते इथलं मिनेसोटातलं गोठलेलं तळंच आहे, मी उलट्या बादलीवर बसलेय, समोर भोक आहे आणि त्यात गळ सोडलाय. मागे गाडी दिसतेय ना, ती पण तळ्यावरच उभी आहे.

आता एवढं कळलंच आहे तर पुढचंही सांगते, रागावू नका. जानेवारीत आले नाही ते सुट्टी मिळाली नाही म्हणून नाही. सुट्टी होती. ती मी सगळी शुक्रवार-सोमवार जोडून या तळ्यांवर घालवली. मासे तुमच्यापेक्षा महत्त्वाचे असं अजिबात नाही हां आई. जानेवारीत आले असते तर जेमतेम दहा दिवस, आता एप्रिलचं तिकीट काढलंय ते पूर्ण अठरा दिवसांचं, तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही तेव्हाच आहे, म्हणजे ड्रॉप घालायला मी असेन, आणि एप्रिलपर्यंत इथला बर्फही वितळायला लागतो. बघ, सगळा विचार करूनच ठरवलंय.

खरं कारण थोडं वेगळं आहे. मागच्या हिवाळ्यात तुम्ही फोन केला की मी "मस्त चाललंय" म्हणायचे ना, तेव्हा मी कित्येक शनिवार-रविवार पांघरुणातून बाहेरच पडत नव्हते. साडेचारला अंधार, उणे वीस, कुणाशी बोलणं नाही. तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही तिथे काळजी करत बसला असता. आता बरी आहे, म्हणून सांगतेय. नोव्हेंबरात खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा म्हणाले चल आमच्याबरोबर, आणि मी गेले. एवढंच.

बाबा, तुम्हीच सातवीत शिकवलं होतंत, पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. म्हणून ते तळाशी बसतं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि वरूनच गोठतं. वर झाकण बसलं की खाली मासे हिवाळाभर मजेत. तेव्हा मी पाठ केलं होतं, समजलं आत्ता, भोकात हात घातल्यावर.

आई, दादाच्या पाण्यातल्या त्या प्रकारानंतर तू पाण्याच्या नावानेच दचकतेस, माहितीये मला. म्हणून आकडे ऐक. इथलं मिनेसोटा राज्याचं सरकार सांगतं की स्वच्छ, नवा बर्फ ४ इंच जाड असला तर पायी चालायचं, लहान गाडीला ९-१० इंच लागतो, पिकअप ट्रकला १३. बर्फ पांढरा दिसला तर त्याची ताकद निम्मी धरायची. आजोबा लोखंडी पहार आपटत पुढे चालतात, मी त्यांच्या पावलावर पाऊल. बुटाला खिळे, अंगात तरंगणारा सूट, गळ्यात दोन टोच्या, चुकून पडलेच तर बर्फात रुतवून वर यायला. कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो असंही सरकार म्हणतं, हे मी लिहिणार नव्हते पण दादा शोधून काढेलच. मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर एकदा बर्फाला तडा जाऊन कडा वर उचलल्या होत्या, तिथे बूट ओला झाला. फक्त बूट. मोजाही बदलला लगेच.

आणि बर्फावरच्या आमच्या तंबूत हीटर असतो, तुम्हाला वाटतं तशी मी कुडकुडत नाही. गॅसचा धोका असतो म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि वरची खिडकी उघडी ठेवतो. थर्मासमध्ये गरम काहीतरी असतंच. कानटोपी तू विणलेली निळीच घालते, आजींनी दोनदा विचारलं कुठून घेतली.

सुरुवात जवळच्या छोट्या तळ्यांवर, चालत जाऊन. डिसेंबरात उत्तरेला अप्पर रेड लेक, उथळ असल्याने लवकर गोठतं. बाबा, तुम्हाला हे आवडेल. तिथला वॉलआय मासा जास्त मासेमारीमुळे १९९० च्या दशकात संपत आला होता. मग तिथल्या मूळ रहिवासी रेड लेक ओजिब्वे लोकांनी आणि राज्याने मिळून मासेमारी बंद ठेवली, पिल्लं सोडली, आणि २००६ मध्ये परत परवानगी दिली. मी तिथे दीड दिवसात एकच पकडला, डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात त्याचे. सोडून दिला. जानेवारीत मिल लॅक्स, गेल्या आठवड्यात कॅनडाच्या सीमेवरचं लेक ऑफ द वुड्स, तिथून दुसरा किनारा दिसतच नाही. वॉलआयचा हंगाम बहुतेक तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, मग पर्च-क्रॅपी वगैरे छोटे मासे.

खरं तर मासा लागतो कमीच वेळा. भोक पाडलं की चुरा वर येतो, तो झाऱ्याने काढायचा, दोन मिनिटांत परत साय धरते, परत काढायची. शेजारी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा गोल डायल, त्यावर तळाची एक रेघ आणि माझ्या आमिषाची एक. मध्येच तिसरी रेघ, म्हणजे मासा, हळूहळू वर येते, थांबते, विचार करते आणि परत खाली जाते. मी श्वास धरून बसलेली असते आणि आजोबा घोरत असतात.

पहिल्या रात्री बर्फाखालून एवढा मोठा आवाज आला की मी आजींचा हात धरला, बाबा, लहानपणी फटाक्यांना घाबरून तुमचा धरायचे तसाच. त्या म्हणाल्या बर्फ वाढतोय, वाढताना बोलतो. आता मला त्या आवाजात झोप लागते.

बरं, आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आई, डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना वाकायचं नाही, मग पलंगाखालची पेटी कशाला ओढत होतीस? आणि बाथरूममध्ये रबरी मॅट टाका. मी खिळ्यांचे बूट घालून बर्फावर चालते, तुम्ही दोघं ओल्या फरशीवर अनवाणी, आणि काळजी माझी करता. चिडून नाही लिहीत हां. दादाला सांगू नका, तो विसरेल, बाबा तुम्हीच आणा.

मॅट टाकली की फोटो पाठवा. मी पण दर रविवारी परत आल्यावर पाठवेन, कानटोपीसकट.

तुमची,
ठमी