क्रूझवरची ग्रॅच्युइटी जाहिरातीतच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या सहलींच्या जाहिरातींत आता केरळ, सिमला, सिंगापूर यांच्या जोडीला क्रूझही दिसू लागली आहे. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याहून गट करून लोक सिंगापूर आणि दुबईहून सुटणाऱ्या जहाजांवर जातात. मुलगा-सून परदेशी असलेली निवृत्त जोडपी मायामीहून कॅरिबियनची फेरी करून येतात. जाहिरातीत 'राहणे, खाणे, मनोरंजन, सर्व खर्चासह' असे ठळक अक्षरांत असते. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचा उल्लेख मात्र तळाशी बारीक अक्षरांत असतो, कित्येकदा तोही नसतो.

गैरसमजाची सुरुवात या शब्दापासूनच होते. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना हातात पडणारी रक्कम. जहाजावर तिचा अर्थ दर माणशी, दर रात्री प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यावर चढणारा सेवा आकार. बिलावर ती 'ग्रॅच्युइटी', 'डेली सर्व्हिस चार्ज', 'हॉटेल सर्व्हिस चार्ज' किंवा 'क्रू ॲप्रिसिएशन' अशा कोणत्याही नावाने येते. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत साध्या केबिनीसाठी हा आकार माणशी, दर रात्री १६ ते २० डॉलरच्या आसपास असतो, स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनीसाठी, त्याहून जास्त. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो साध्या केबिनीसाठी १८.५० आणि स्वीटसाठी २१ डॉलर केला. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांवर तो सिंगापूर डॉलरमध्ये लागतो.

हिशेब एकदा कागदावर मांडलेला बरा. चौघांचे कुटुंब, सात रात्री, दर १८.५० डॉलर, म्हणजे ५१८ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ४६,६२० रुपये. शिवाय भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा दोन ते साडेतीन टक्के लागतो, तो वेगळा. मुलांनाही बहुतेक ठिकाणी पूर्ण दर असतो. दोन-तीन वर्षांखालच्या बाळांना काही कंपन्या सूट देतात, सगळ्या देत नाहीत. घरून निघताना हा आकडा माहीत नसेल, तर शेवटच्या रात्री दाराखालून आलेला हिशेबाचा कागद पाहून माणूस हबकतो. मग काउंटरवर रांग लागते आणि 'हे काढून टाका' अशी मागणी सुरू होते.

ती मागणी बहुतेक जहाजांवर मान्यही होते. अमेरिकन कंपन्यांत प्रवास संपण्यापूर्वी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन हा आकार कमी करता येतो किंवा पूर्ण काढता येतो. फार प्रश्नही विचारत नाहीत. म्हणूनच गटातला एक जण काढून आला की बाकीचे त्याच्या मागे जातात. पण हे पैसे कोणाचे असतात, ते समजून घेतले पाहिजे.

आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालाला आपण बक्षिसी देत नाही. हमाली, तोलाई ठरलेल्या दराने हिशेबाच्या पट्टीवर येते. आज मन लागले नाही म्हणून ती ओळ कोणी खोडत नाही, कारण ती त्याची मजुरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. जहाजावरच्या ग्रॅच्युइटीचे तसेच आहे. कॅप्टन, इंजिनरूम आणि डेकवरची माणसे पगारावर असतात, त्यांचा या रकमेशी संबंध नाही. केबिन साफ करणारे, जेवणघरातले वेटर आणि त्यांचे मदतनीस, बुफेवरचे वाढपी, आणि अनेक कंपन्यांत आपल्या नजरेलाही न पडणारी धुलाईघरातली व भांडी धुणारी माणसे, यांच्यात ती वाटली जाते. त्यांचा मूळ पगार कमी धरून उरलेली कमाई या आकारातून यावी, अशीच कराराची रचना असते. काही करारांत किमान हमी रक्कम असते. आकार कमी जमला तर कंपनी तेवढी तूट भरते, पण त्या हमीच्या वर मिळणारे जे काही असते ते बुडतेच.

जहाज मूळ बंदरात येते तो दिवस पाहावा. सकाळी नऊ-दहापर्यंत जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी एकच्या सुमारास नवे केबिनीत शिरू लागतात. मधल्या तीन-एक तासांत एकेका कर्मचाऱ्याला पंधरा-वीस केबिनींच्या चादरी, अभ्रे, टॉवेल काढून धुलाईला पाठवायचे असतात. शॉवरच्या जाळीतले केस काढायचे, सोफ्याचा पलंग पुढच्या कुटुंबाच्या माणसांप्रमाणे उघडायचा किंवा मिटवायचा, जोडलेले दोन पलंग सुटे करायचे, कप्प्यांत राहिलेले चार्जर आणि गोळ्यांची पाकिटे शोधून जमा करायची. हे आटपते न आटपते तोच सुरक्षा कवायत, आणि संध्याकाळी पुन्हा केबिनींची फेरी. सागरी कामगार करार २००६ या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, आणि ते दहा तास दोनच तुकड्यांत विभागता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. याचाच दुसरा अर्थ, बाकीचे तास तो माणूस कामावर असू शकतो. सुट्टीचा वार नाही. सहा ते नऊ महिन्यांचा करार संपेपर्यंत हेच चालते.

'मी खात्यावरचे काढतो आणि आमच्या केबिनवाल्याला हातात वीस डॉलर देतो' असे पुष्कळ जण म्हणतात. हेतू चांगला असतो, पण दोन गोष्टी घडतात. धुलाईघर आणि स्वयंपाकघरातल्यांचा वाटा जातो. आणि काही कंपन्यांत नियमच असा आहे की ज्या प्रवाशाने खात्यावरचा आकार काढला आहे, त्याच्याकडून मिळालेली रोकड कर्मचाऱ्याने सामायिक निधीत जमा करायची. म्हणजे ज्याच्या हातात नोट ठेवली, त्याच्याकडे ती राहीलच असे नाही. खात्यावरचा आकार तसाच ठेवून वर काही दिले, तर ते मात्र साधारणपणे त्याचे स्वतःचे असते.

सेवा खरोखरच वाईट असेल तर गप्प बसावे असे मुळीच नाही. केबिन दोन दिवस साफ झाली नाही, जैन किंवा उपवासाचे जेवण सांगूनही आले नाही, तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला सांगा. त्याच दिवशी सांगितले की पर्यवेक्षक येतो आणि दुरुस्ती होते. शेवटच्या रात्री तीनशे माणसांच्या रांगेत सांगून काहीच सुधारत नाही, फक्त कर्मचाऱ्यांचे पैसे कापले जातात, आणि तेही सगळ्यांचे, चूक एकाची असली तरी. उलट, काम चांगले झाले असेल तर सहलीनंतर ईमेलवर येणाऱ्या प्रश्नावलीत त्या व्यक्तीचे नाव आणि केबिन क्रमांक लिहा. बढतीत आणि पुढचा करार मिळण्यात अशा नोंदी उपयोगी पडतात. याला एक पैसाही लागत नाही, आणि आपली माणसे नेमके हेच विसरतात.

आता गटातून जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोळ. सहल कंपनी 'टिप्स'च्या नावाखाली एकरकमी पैसे घेते. त्यात जमिनीवरच्या बसचा चालक, गाईड आणि जहाजाची ग्रॅच्युइटी हे सगळे एकत्र असते, किंवा जहाजाची नसतेच. पैसे भरण्याआधी लेखी विचारा की जहाजाची ग्रॅच्युइटी यात आहे का. 'हो' असे उत्तर आले तर सहल कंपनीच्या पावतीवर थांबू नका, क्रूझ कंपनीचा मूळ बुकिंग कागद मागा. त्यावर 'प्रीपेड ग्रॅच्युइटी' अशी ओळ रकमेसह असली पाहिजे. ती नसेल तर पैसे जहाजापर्यंत पोहोचलेले नाहीत आणि जहाज ते तुमच्याकडून पुन्हा घेणार. जहाजावर चढल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ॲपवर, केबिनमधल्या टीव्हीवर किंवा काउंटरवर छापून घेऊन खाते पाहा. आधी भरलेली असूनही रोज माणशी १८-२० डॉलर चढत असतील तर तेव्हाच बुकिंग कागद दाखवा. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती उतरायच्या सकाळी होत नाही. आधी भरण्याचा आणखी एक फायदा असा की मधल्या काळात कंपनीने दर वाढवला तरी, वाढीच्या तारखेआधी भरलेल्यांना साधारणपणे जुनाच दर लागू राहतो.

जहाजावर खाते उघडताना शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर जहाज रक्कम अडवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला घरी आल्यावरही कित्येक दिवस लागतात.

बार, खास रेस्टॉरंट आणि स्पा यांचा आकार या रोजच्या आकारात धरलेला नाही. तिथे प्रत्येक बिलावर बहुतेक कंपन्या १८ ते २० टक्के आपोआप लावतात. १४ डॉलरचे पेय १८ टक्क्यांनी १६.५२ डॉलरला पडते. पेयांचे पॅकेज घेतले तर पॅकेजच्या किमतीवरही हाच टक्का लागतो. सही करायच्या पावतीवर खाली आणखी एक 'टिप'ची रिकामी ओळ असते. ती भरलीच पाहिजे असे समजून आपले लोक तिथे दोन-तीन डॉलर लिहितात आणि दोनदा देतात. मनापासून द्यायचे असतील तर जरूर द्या, पण वर लावलेला टक्का आधी वाचा. ती ओळ मोकळी सोडायची असेल तर आडवी रेघ मारून एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा.

रोख फार लागत नाही. अमेरिकेच्या बंदरात सामान घेणारे हमाल जहाजाचे नसतात. त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची रीत आहे. केबिनमध्ये जेवण आणून देणाऱ्यालाही तेवढेच. त्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा इथूनच मागून घ्या. चलन बदलून देणारे न मागता शंभराच्या नोटा हातात ठेवतात आणि जहाजावर सुट्यासाठी काउंटरवर तिष्ठत बसावे लागते.

भारतात सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, मग जहाजावर का, असा प्रश्न विचारला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हॉटेल-रेस्टॉरंटसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, हे खरे. पण बहामा किंवा पनामाचा झेंडा लावून सिंगापूर वा मायामीहून सुटणाऱ्या जहाजाला ती लागू नाहीत. तिथे तिकिटाच्या अटी लागू होतात. मात्र सांगलीत किंवा साताऱ्यात बसून 'सर्व खर्चासह' म्हणून पैसे घेणारा विक्रेता ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येतो. जाहिरातीचे कात्रण, पावती आणि जहाजाचे अंतिम बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते.

हीच गोष्ट नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या घरच्यांनीही नीट पाहिली पाहिजे. हॉटेल मॅनेजमेंट करून जिल्ह्यातली मुले जहाजावर जातात. मुलाखतीच्या वेळी महिन्याला अमुक लाख मिळतील असा आकडा ऐकवला जातो आणि त्यात अंदाजे टिप्स मिसळलेल्या असतात. सही करण्यापूर्वी तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा: मूळ पगार किती, हमी रक्कम किती, आणि ग्रॅच्युइटी त्या हमीच्या आत धरली आहे की वर मिळते. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावरच्या नोकरभरतीचा, परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. परवानाधारक नोकरी लावण्याचे पैसे घेऊ शकत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे नोंदणी पुस्तक) आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च मुलाने करायचा असू शकतो, पण सागरी कामगार करारानुसार व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. भारताने हा करार ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला आहे. 'व्हिसाचे ऐंशी हजार' मागणाऱ्यासमोर हे वाक्य ठामपणे बोलून पाहावे.

या सगळ्यावरचा सरळ उपाय कंपन्यांच्याच हातात आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून हा रोजचा आकार बंद करून भाड्यातच धरला. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न या महागड्या कंपन्यांच्या भाड्यातही तो असतो. तिथे शेवटच्या रात्री रांग लागत नाही आणि कर्मचाऱ्याची कमाई प्रवाशाच्या लहरीवर टांगलेली राहत नाही. सगळ्याच कंपन्यांनी तसे करावे असे आमचे स्पष्ट मत आहे. पण मायामीतल्या कार्यालयाला सांगलीचे पत्र कोण वाचून दाखवणार?

आपल्या दैनिकाला मात्र एक गोष्ट नक्की करता येईल. रविवारच्या पुरवणीत क्रूझची जाहिरात स्वीकारताना, भाड्याच्या आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत ही एक ओळ असल्याशिवाय ती छापू नये: 'जहाजावरील ग्रॅच्युइटी माणशी, दर रात्री इतके डॉलर, भाड्यात समाविष्ट आहे / नाही.'

आपला,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली