भाड्याच्या गाडीचा बंद पडलेला एसी आणि अनामत रकमेतील कपातीबाबत तक्रार

मुंबई, ९ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राला मी सहावा फोन केला आणि माझी तक्रार ‘बंद करण्यात आली आहे’ असे मला कळवण्यात आले. ती कोणी बंद केली आणि कशाच्या आधारे, हे कळवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

२६ एप्रिलला सकाळी ८ वाजता तुमच्या मुलुंडच्या केंद्रातून मी पाच दिवसांसाठी गाडी घेतली. ती ३० एप्रिलला रात्री ८ वाजता परत करायची होती. नोंदणी माझ्या नावावर, वाहन परवाना माझा आणि अनामत रकमेचे १०,००० रुपयेही माझ्याच खात्यातले होते. शनिवारी पंचवटी, रविवारी त्र्यंबकेश्वर, सोमवारी वेरूळ व घृष्णेश्वर, मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी सकाळी देवगिरीचा किल्ला पाहून परत, असा आम्हा दोघांचा बेत होता. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, त्यामुळे यातला एक दिवस हलला की पुढचे सगळे कोलमडते. पर्यटकांना गाड्या देऊन व्यवसाय करणाऱ्या कंपनीला हे मी समजावून सांगण्याची गरज नसावी.

रविवारी त्र्यंबकेश्वराहून नाशिकला परतताना एसीतून गरम हवा येऊ लागली. संध्याकाळी फोन केला तेव्हा सांगण्यात आले की सोमवारी सकाळी १० वाजता दुसरी गाडी हॉटेलवर येईल, तोपर्यंत ही गाडी जागची हलवू नये, हलवल्यास तो करारभंग समजला जाईल. आम्ही हलवली नाही. १० चे १२ झाले, १२ वाजता ‘गाडी निघाली आहे’ असे उत्तर मिळाले, आणि संध्याकाळी ६ वाजता नाशिकमध्ये गाडी उपलब्धच नसल्याचे समजले. मग दुपारी निघाली होती ती कोणती गाडी, आणि ती कुठे गेली, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

त्या दिवशी दुपारी १ च्या सुमारास झालेले संभाषण मात्र मी सविस्तर लिहिणार आहे. तुमच्याकडे प्रत्येक संभाषण ‘गुणवत्तेसाठी’ नोंदवले जाते, तेव्हा ते आपण स्वतः ऐकावे. मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितले की कॉम्प्रेसर सुरू होत नाही, पंखा चालतो पण हवा थंड होत नाही. त्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, एसीचं बटण दाबलंय ना?” मी हो म्हटले. “जरा सरांकडे फोन देता का?” मी म्हटले, गाडी मी चालवते, नोंदणी माझी आहे, जे सांगायचे ते मला सांगा. “हो मॅडम, पण टेक्निकल आहे, सरांना लगेच कळेल.” माझे यजमान ६६ वर्षांचे असून त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही, स्कूटरसुद्धा नाही. शेवटी वाद नको म्हणून त्यांनी फोन घेतला आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की मला यातले काही कळत नाही, हिला कळते. तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, “सर, देवदर्शनाला निघालात ना? मग थोडा त्रास व्हायचाच. काचा खाली करा, छान हवा येते.”

एप्रिलअखेरीस मराठवाड्यात काचा खाली केल्यावर कशी हवा येते, याचा अनुभव तुमच्या प्रतिनिधींनी एकदा अवश्य घ्यावा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला शेजारी बसवून मी तो दोन दिवस घेतला.

वेरूळचा सोमवार तुमच्या वाट पाहण्यात गेला. मंगळवारी तिथे टाळे, म्हणून नाशिकहून सरळ अजिंठ्याला गेलो. फर्दापूरला खासगी गाड्या थांबवून लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने नेतात. त्या प्रवासात एसटीची बस आम्हाला तुमच्या गाडीपेक्षा सुखाची वाटली, हे नमूद करते. बुधवारी पहाटे वेरूळला जाऊन एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे आणि मग घृष्णेश्वर घाईघाईत पाहिले. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावे लागते. ह्यांचा तो गाडीतच घामाने भिजून अंगाला चिकटला होता. देवगिरी राहिलाच. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी हलवली ती त्याच ठिकाणी. किल्ला पाहता आला नाही तरी तुघलकी कारभार म्हणजे काय, ते तुमच्या कृपेने घरबसल्या, म्हणजे हॉटेलबसल्या, समजले.

आता पैशांविषयी. ह्यांना उन्हात वारंवार सावलीला थांबवावे लागल्याने गाडी रात्री १०.४० ला परत केली. त्याबद्दल विलंब शुल्क १,८०० रुपये आणि ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे एसीत बिघाड’ म्हणून ६,५०० रुपये आपण कापले, आणि १०,००० पैकी १,७०० परत केले. चालक म्हणजे मी. बटण दाबता येते की नाही अशी जिच्याबद्दल शंका होती, ती एसी बिघडवण्याइतकी तरबेज कधी झाली?

सोमवारी सकाळी हॉटेलमालकांनी बोलावलेल्या मेकॅनिकने गाडी तिथल्या तिथेच तपासली. कंडेन्सर गळत होता आणि गळतीच्या जागी तेलाचा डाग होता. त्या डागावर धुळीचा जाड थर बसलेला होता. गळती जुनी असून गाडी देण्यापूर्वी नुसता गॅस भरला असावा, असे त्यांनी पावतीवर लिहून दिले आहे. पावती आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. गाडीच्या दुरुस्तीची नोंदवही तुमच्याकडेच असते. ती उघडून पाहावी.

कापलेले ८,३०० रुपये, नाशिकच्या जादा मुक्कामाचे २,८००, छत्रपती संभाजीनगरला वाया गेलेल्या खोलीचे ३,२०० आणि मेकॅनिकचे ३५०, असे एकूण १४,६५० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणीच तक्रार दाखल करता येते आणि इतक्या रकमेच्या प्रकरणाला शुल्कही पडत नाही, हे मी वाचून ठेवले आहे. यापूर्वी तीन वेळा तुमच्याच गाड्या घेतल्या होत्या आणि नात्यातल्या दोघांना तुमचे नाव सुचवले होते. त्या दोघांनाही या पत्राची प्रत पाठवत आहे.

उत्तर लेखी द्यावे. फोनच करायचा असल्यास नोंदणीतील क्रमांकावर करावा. तो माझा आहे. सरांकडे फोन दिला जाणार नाही.

आपली,
नोंदणी जिच्या नावावर आहे ती ग्राहक