टेपवरून झडलेला सूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘ॲम्बियंट’ म्हणजे संथ, वातावरणासारखं भोवती पसरत राहणाऱ्या संगीतावरचा लेख वाचला. एकच तुकडा तासभर फिरवत ठेवायचा, बाकी सगळं काम यंत्राचं, असा त्याचा सूर होता. तो मनाला लागला. मी ३१ वर्षं रेडिओच्या टेप विभागात काढली आहेत, आणि लेखात ज्याचा उल्लेख आहे तो अमेरिकन संगीतकार विल्यम बासिन्स्की यांचा ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’ (झडत जाणारे फेरे) मी रात्री हेडफोन लावून कितीदा तरी ऐकला आहे.

बासिन्स्कींनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओवरच्या संगीताचे लहान तुकडे टेपवर घेतले होते. टेपचं टोक टोकाला चिकटवायचं, की तुकडा गोल फिरत राहतो. २००१च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ते या टेप डिजिटल करायला बसले, तेव्हा दर फेरीला लोहाच्या ऑक्साइडचा थर सुटून पडू लागला. टेपवर आवाज असतो तो त्या कणांतच. कण झडले की आवाज गेला, कायमचा. आमच्याकडे असं झालं की हात आपसूक स्टॉपच्या बटणावर जायचा. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला की तपकिरी निघायचा.

बासिन्स्कींनी यंत्र चालू ठेवलं. पहिली रचना ६३ मिनिटांची आहे. सुरुवातीला तुकडा भरदार, थोडा धूसर. मग सुरांच्या कडा झिजू लागतात, मध्ये खड्डे पडतात, नि एकेक स्वर यायचाच थांबतो. आपण मात्र त्याच्या जागेवर त्याची वाट बघत राहतो. सुरांची ती झीज कुणी बसून रचलेली नाही. ती होऊ द्यायला जे धैर्य लागतं, ते मी टेपवर काम केलेला माणूस म्हणून जाणतो. हे काम संपतं न संपतं तोच ११ सप्टेंबर उजाडला, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. त्या संध्याकाळी गच्चीवरून धुराचं चित्रीकरण करून त्यांनी त्याला हाच आवाज जोडला.

संगीतावर लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ते कसं घडलं हेही वाचकांना सांगा.

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आहे, १९८६ची. आमच्या कोकणातल्या दमट हवेत ३०हून जास्त पावसाळे काढलेली. गेल्या श्रावणात लावली. चौथ्या ओवीला आवाज बसत गेला. झाकण उघडलं तर हेडवर तपकिरी भुकटी. पुसलं, पुन्हा लावली, तर त्याच जागी आई आणखी लांब गेलेली. मग न थांबवता शेवटपर्यंत कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, सॉफ्टवेअरने खरखर काढून देतो.’ मी नको म्हटलं. ‘पहिली माझी ओवी गं’ स्पष्ट आहे, चौथीत नुसती जात्याची घरघर आणि मध्येच तिचा श्वास. ते तसंच ठेवलंय.

आपला नम्र,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक, रत्नागिरी