डीआरपीत पाठपुरावाही शिकवा

संपादक महोदय,

एमडी-एमएसच्या निवासी डॉक्टरांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रम, म्हणजे डीआरपी, करावाच लागतो; त्यात ते जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत काम करतात. त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आरोग्य धोरणासाठी पाठपुरावा कसा करायचा, हे शिकवायची हीच जागा. एरवी त्या नावाखाली कुठल्यातरी दिनाची रॅली निघते, नाहीतर पथनाट्य होते. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर त्यातले काहीच पोहोचत नाही.

सर्पदंशाचेच घ्या. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच प्रतिसर्पविषाच्या साधारण 10 व्हायल लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात चारच असतील तर कागदावर ‘साठा उपलब्ध’ आणि रुग्ण 108 मध्ये. अशा वेळी ‘औषधसाठा वाढवावा’ एवढेच लिहिले, तर ते फायलीला लागते. आधी केसपेपर आणि रेफरल रजिस्टरवरून मागच्या 12 महिन्यांचा तक्ता करायला लावावा: दंशाची वेळ, केंद्रात आल्याची वेळ, दिलेल्या व्हायल, रेफर केल्याची वेळ आणि कारण. नाव-गाव नको, छोट्या गावात वय आणि तारखेवरूनही माणूस ओळखू येतो.

खरी मेख ‘कारण’ या रकान्यात आहे. व्हायल संपल्या म्हणून पाठवले, तर प्रश्न जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचा. पुढे उपजिल्हा रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला नाही, तर तो जिल्हा शल्यचिकित्सकांचा. चुकीच्या साहेबांकडे गेलेले पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ हा शेरा घेऊन फिरत राहते. आणि 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेऐवजी प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये होत असेल, तर विष न भिनलेल्याचे रक्तही वेळेत गोठलेले दिसत नाही आणि व्हायल वाया जातात. त्यासाठी मंत्रालय गाठायला नको. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक सभेत विषय मांडला तरी पुरे.

निवेदन एका पानाचे असावे. पहिल्या चार ओळींतच मागणी: कोणत्या केंद्राला किती व्हायल, कधीपर्यंत. दंश पावसाळ्यात वाढतात, म्हणून मेअखेर. रुग्ण कल्याण समितीचा ठराव जोडला तर कागदाला वजन येते. पत्र विभागप्रमुखांमार्फतच जावे. परस्पर वार्ताहराला गाठले तर बातमी येते, पण केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘कारणे दाखवा’ मिळते आणि पुढच्या तुकडीला कुणी रजिस्टर दाखवत नाही.

आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क 10 रुपये, महाराष्ट्रात विषय एकच आणि 150 शब्दांची मर्यादा, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘साठा का नाही?’ असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. साठा नोंदवहीची प्रत मागावी. हे सारे तीन महिन्यांत बसवायचे तर निवेदन पाचव्या आठवड्यात गेलेच पाहिजे.

लॉगबुकात यासाठी एक पान ठेवावे: निवेदनाची प्रत, आवक क्रमांक, आलेले उत्तर. मागणी मान्य झाली की नाही, यावर मात्र गुण नकोत. नाहीतर सगळे निवासी कचरापेट्यांसारखे सहज मंजूर होणारेच काहीतरी मागतील.

– पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विषयाचे काही अध्यापक