60 सेंमी स्पीकर स्टँड: जाहिरातीतील मापे आणि हाती आलेला माल

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: स्टीलच्या स्पीकर स्टँडची जोडी जाहिरातीतील मापांप्रमाणे नसल्याबाबत, माल बदलून अथवा पूर्ण परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेली 60 सेंमी उंचीच्या स्टँडची जोडी (11,800 रुपये) मिळून नऊ दिवस झाले. ऑर्डर क्रमांक, बिल आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. फोनवर आपल्या प्रतिनिधीने ‘लोखंडी कामात थोडाफार फरक असतोच’ म्हणून तक्रार बंद केली. हा फरक थोडा की फार, ते मापांवरून ठरावे म्हणून हे पत्र.

जाहिरातीत प्रत्येक स्टँडचे रिकामे वजन 6.4 किलो आहे. काट्यावर एक 4.38 आणि दुसरा 4.42 किलो भरला. कमी पडलेले दोन किलो कुठे गेले तेही सांगतो. तळाची प्लेट 300 × 250 मिमी, जाडी 6 मिमी असे आपण लिहिता. तशी प्लेट साडेतीन किलोची होते. आलेली प्लेट 4 मिमीची, म्हणजे 2.35 किलोची. खांबाचा 60 × 60 मिमी चौकोनी पाइप 2 मिमी जाडीचा, अर्थात बाजारभाषेत 14 गेजचा, सांगितला होता. पाइपच्या कडेचा पावडर कोटिंगचा थर खरवडून व्हर्नियर लावला तर 1.2 मिमी भरतो. हा 18 गेज झाला. 58 सेंमी लांबीत तिथे आणखी आठशे ग्रॅम गेले. दोन्ही मिळून बरोबर दोन किलो. हा ‘थोडाफार फरक’ नाही, दुसराच माल आहे.

प्लेट पातळ झाल्याचा पहिला फटका स्पाइकला, म्हणजे तळाखालच्या टोकदार पायांना बसतो. आपले स्पाइक एम8 (8 मिमी व्यासाचे) आहेत आणि त्यांचे आटे थेट प्लेटमध्ये पाडले आहेत. एम8 चा पिच, म्हणजे दोन आट्यांतले अंतर, 1.25 मिमी. 6 मिमी प्लेटमध्ये जवळजवळ पाच आटे धरतात, 4 मिमीत जेमतेम तीन. चेकनट (स्पाइक जखडणारा नट) पुरता आवळूनही स्पाइक बोटाने हलवला की हलतो आणि चारपैकी एका भोकातले आटे दुसऱ्यांदा फिरवतानाच झिजले. 4 मिमीच प्लेट वापरायची होती तर वरून एम8 नट वेल्ड करून आटे वाढवता आले असते. आठ नटांचा खर्च तो किती!

दुसरा दोष अधिक त्रासाचा आहे, कारण एका चुकीतून दोन निघाले आहेत. एका स्टँडचा पाइप खालच्या टोकाला काटकोनात कापलेलाच नाही. गुण्या लावला की एका बाजूला फट दिसते आणि तिच्यात 0.7 मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पत्ती) सहज जातो. 60 मिमी रुंदीत 0.7 मिमी ऐकायला किरकोळ वाटते, पण 58 सेंमी उंचीवर तेच सात मिमी होतात. ओळंबा सोडून पाहिले तर खांब नेमका तेवढाच कलला आहे. फट बंद करायला बोल्ट जोराने आवळले की पातळ प्लेट वाकते आणि पाइपच्या कोपऱ्यात आतून बसवलेल्या एम6 नटाच्या वेल्डच्या टाक्यावर सगळा ताण येतो. टाका तुटला तर तो नट पाइपच्या आत गरगर फिरत राहणार आणि बोल्ट ना घट्ट होणार, ना निघणार. म्हणून बोल्ट तिथेच सोडले आहेत.

या फटीचा दुसरा परिणाम वाळूचा. खांबाच्या पोकळीत भरायला सोबत दिलेल्या वाळूच्या सहा किलोच्या पिशवीवर ‘कोरडी सिलिका’ असे छापले आहे. त्यातली 500 ग्रॅम वाळू कढईत मंद आचेवर वीस मिनिटे हलवत भाजली, गार करून तोलली. 466 ग्रॅम भरली. म्हणजे सहा किलोत चारशे मिलीलिटर पाणी, सरळ दोन पेले. पाइपला आतून रंग नाही, नुसते उघडे लोखंड आहे. ओली वाळू त्यात कोंडली तर एका पावसाळ्यात आतून गंज धरेल. शिवाय ओली वाळू भरताना खाली सरकत नाही, मध्येच कमान धरते आणि पोकळी राहते. वाळू भाजून कोरडी केली तर तिला वाट मिळते ती याच फटीतून. कलत्या स्टँडमध्ये भाजलेली वाळू भरून रात्रभर ठेवली, सकाळी तळप्लेटच्या कडेने टाइलवर वाळूची बारीक रेघ होती. पिशवीचे माप मात्र बरोबर आहे. पाइपच्या आत 1.9 लिटर जागा, कोरडी वाळू लिटरला साधारण 1.6 किलो, तेव्हा प्रत्येकी तीन किलो लागणारच. एवढे एकच गणित आपले जुळले.

वाळू भरणे ही हौस नाही. रिकाम्या खांबावर बोटाच्या पेराने टिचकी मारली की ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि रेंगाळतो. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये त्याचे टोक 900 हर्ट्झच्या आसपास दिसते. पत्रा जितका पातळ तितका हा आवाज खाली उतरतो. 2 मिमी पाइपमध्ये तो बराच वर गेला असता आणि क्षीणही झाला असता. 900 हर्ट्झ म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाचा आणि हार्मोनियमचा भरगच्च भाग. तबल्याची चाट वाजली की खांबावर टेकवलेल्या बोटाला थरथर कळते. कोरड्या वाळूने भरलेल्या खांबावर तीच टिचकी ‘ठप्प’ अशी बसते.

वरच्या प्लेटकडे येऊ. ती 3 मिमीची आहे, जाहिरातीतही तसेच आहे, त्यामुळे इथे फसवणूक नाही, पण आखणी चुकली आहे. एम6 काउंटरसंक (डोके खाचेत बुडवायच्या) बोल्टच्या डोक्याची उंची 3.3 मिमीपर्यंत असते. ते 3 मिमी प्लेटमध्ये पुरते बुडणार कसे? त्यात आपल्या कारागिराने खाचही उथळ पाडली आहे, त्यामुळे चारही डोकी साधारण दीड मिमी वर राहिली आहेत. स्पीकर प्लेटवर बसतच नाही, चार बोल्टांवर बसतो. स्पीकरच्या व्हिनीअरवर (लाकडी पातळ आवरणावर) चार गोल वण उठायला एक दिवस पुरतो. शिवाय चारही डोकी एका पातळीत नसल्याने स्पीकर डुगडुगतो. प्रतिनिधीने यावर ‘पुठ्ठा घाला’ असा तोडगा सुचवला. पुठ्ठा दबतो, महिन्याभरात डुगडुग परत येते. खरा तोडगा दोनपैकी एक: प्लेट 5 मिमीची करा, नाहीतर एम5 बोल्ट वापरून खाच पूर्ण खोलीची पाडा. एम5 चे डोके 2.8 मिमीचे असल्याने ते 3 मिमीत मावते. मग वर वाटाण्याएवढे चिकट पुटीचे चार गोळे दाबले की स्पीकर जागचा हलत नाही.

आपल्या ईमेल उत्तरात एक मुद्दा असा होता की हलके स्टँड हीच आता तज्ज्ञांची पसंती आहे. अर्धवट खरे सांगून वेळ मारून नेण्याचा हा प्रकार आहे. बीबीसीच्या परंपरेतल्या, पातळ प्लायच्या भिंती मुद्दाम कंप पावू देणाऱ्या स्पीकरखाली हलके स्टँड वापरणारे जाणकार आहेत, नाही असे नाही. पण ते स्टँड उघड्या चौकटीचे असतात, बहुधा लाकडाचे. घुमायला त्यात लांब पोकळ नळीच नसते. पातळ पत्र्याची बंद नळी ना जड गटात बसते, ना हलक्या. आणि हलकाच स्टँड विकायचा होता तर जाहिरातीत 6.4 किलो कशासाठी लिहिले?

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वात शेवटी आला असला तरी कमी महत्त्वाचा नाही. 8 किलोचा, 34 सेंमी उंच स्पीकर वर ठेवून त्याच्या वरच्या कडेला बॅगा तोलायचा काटा बांधला आणि आडवा, समोरच्या बाजूला ओढला. 1.4 किलोच्या ओढीला मागचे स्पाइक उचलले जातात. जाहिरातीतले वजन असते तर हिशेबाने 1.6 किलो लागले असते, आणि शिवाय खांबात कोरडी वाळू असती तर 1.9. वाळू तर फटीमुळे ठेवता येत नाही. दीड किलोहून कमी ओढ म्हणजे केबलमध्ये पाय अडकणे किंवा रांगत्या मुलाने आधारासाठी स्पीकरची कड धरणे.

जाता जाता, संकेतस्थळावरचा उंची निवडण्याचा तक्ताही दुरुस्त करावा. त्यात ‘स्पीकरचा मध्य कानाच्या पातळीत आणा’ असे लिहिले आहे. कानाच्या पातळीत ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा भोंगा, आणायचा असतो. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून 88 सेंमीवर, ट्वीटर स्पीकरच्या तळापासून 28 सेंमीवर, तेव्हा स्टँड 60 सेंमी. आपल्या तक्त्याने हाच हिशेब 71 सेंमी येतो आणि ग्राहक 70 चा स्टँड घेऊन बसतो.  स्पाइकखाली ठेवायच्या चकत्याही आठ सांगून सहाच निघाल्या, त्याची नोंद घ्यावी.

आता मागणी. जाहिरातीप्रमाणे 2 मिमी पाइप आणि 6 मिमी तळप्लेट असलेली नवी जोडी पाठवावी. पाइपची दोन्ही टोके काटकोनात कापून तपासलेली असावीत, तळाचा सांधा सीलंटने बंद असावा, वरच्या प्लेटवर एकही बोल्ट वर येता कामा नये आणि वाळू खरोखर कोरडी, हवाबंद पिशवीत असावी. पाठवण्यापूर्वी दोन्ही स्टँडचा वजनकाट्यावरचा फोटो ईमेलने पाठवावा, म्हणजे पुन्हा ने-आण नको. हे पंधरा दिवसांत जमणार नसेल तर 11,800 रुपये पूर्ण परत करून माल आपल्या खर्चाने घरून उचलावा. वाळू काढून, मूळ खोक्यात भरून तयार आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात देणे बंधनकारक आहे. जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पहिल्या तक्रारीची रीतसर पोच आलेली नाही. या पत्राचीही आली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. व्हर्नियर, गुण्या आणि काट्यावरच्या मापांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवली आहेत.

झिजलेल्या आट्यांचा स्पाइक आणि भाजण्यापूर्वीच्या वाळूची बंद पुडी माल उचलायला येणाऱ्याकडे देईन. त्याची पावती लिहून द्यावी.

आपला,
ग्राहक, ठाणे