इमो, काल चहा गरम लागला

इमो,

तुमच्या भाषेत इमो म्हणजे मावशी, हे तुमच्या नातीने मोबाईलवर दाखवलं तेव्हा मला रडूच आलं. आमच्याकडेही इस्पितळात, मेसमध्ये, रक्ताचं नातं नसलेल्या बाईला मावशीच म्हणतात. जबडा रबरांनी आवळलेला, त्यामुळे धड रडताही येईना.

माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे आणि डावीकडे गेलेला. एकतीस वर्षं फोटोत मान वळवून उभी राहिले. ऑपरेशनसाठी सोलला जाते म्हटल्यावर नातेवाईक म्हणाले, "हौस!" बाबांना धास्ती होती. कोरियात 2023 पासून, पूर्ण भूल दिलेल्या पेशंटने मागितलं तर ऑपरेशनचं कॅमेऱ्यावर चित्रीकरण करावं लागतं, हे वाचून दाखवलं तेव्हा ते जरा निवळले. थिएटरमध्ये माझ्यावर नजर होतीच. बाहेर आल्यावर कोणाची होती?

"ताई, विमानतळापासून परत येईपर्यंत आपला माणूस सोबत असेल," असं छातीठोक सांगणारा एजंट पूर्ण पैसे मिळाल्यावर गायब झाला. दुभाषी मुलगी कागदांवर सह्या घेऊन गेली ती गेलीच. त्या रात्री नाक चोंदलं, तोंड उघडेना, जीव घाबरा झाला. बोलता येत नव्हतं म्हणून त्याला मेसेज टाकत राहिले. तिकडे रात्रीचे अकरा म्हणजे इथे साडेसात, झोपेची वेळही नव्हे. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

दार तुम्ही वाजवलंत. तुमच्या त्या गेस्टहाऊसची मी एक भाडेकरू, आणखी काही नाही. तुम्ही दवाखान्यात फोन लावलात, पाठीशी तीन उशा रचल्यात आणि उजाडेपर्यंत जमिनीवर बसून राहिलात.

पण मला जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे. तुम्ही लाल भोपळ्याची पेज करायचात, होबाकजुक. सूज उतरते म्हणून गाळून, कोमट करून, मऊ बाटलीत भरून द्यायचात. माझा खालचा ओठ आणि हनुवटी पार बधिर. पेज ओघळून गळ्यापर्यंत जायची आणि मला पत्ताच नसायचा. पहिल्यांदा आरशात ते पाहिलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तुम्ही रोज तुमचा वाडगा घेऊन समोर बसू लागलात. माझी पेज ओघळली की तुम्ही तुमचीच कोरडी हनुवटी रुमालाने टिपायचात. काही बोलणं नाही, बोट दाखवणं नाही, की कीव नाही. तुमचं पाहून मी माझी टिपायची. तुमचा वाडगा त्यात गार होऊन जायचा.

इमो, माझ्या चेहऱ्याकडे आयुष्यभर लोकांनी पाहिलं. काहींनी टक लावून, काहींनी मुद्दाम नजर चुकवून. माझी लाज राखून माझ्याकडे कसं पाहायचं, हे तुम्हालाच कळलं. माणसाचा चांगुलपणा असा असतो, समोरच्याला ओशाळं न करणारा. आपली भाषा एक नव्हती, तरी तुम्ही त्यात कुठे चुकला नाहीत.

निघताना तुम्ही हातात कोंबलेला तो पांढरा रुमाल माझ्याकडेच आहे. त्यावरचा भोपळ्याचा पिवळा डाग निघत नाही, आणि मी फार घासतही नाही.

काल सकाळी आईने चहा दिला. पहिल्या घोटाला खालच्या ओठाला डावीकडे चटका बसला. इतक्या महिन्यांनी. आई घाबरली, मी हसत होते. सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भारतातली मुलगी