परीक्षकांकडे पाठ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पदकं मिळेनाशी झाली की हे लोक शो करायला लागतात." तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते वाक्य मनातून जाईना. बर्फावर फिगर स्केटिंग करणाऱ्या सूर्या बोनालीबद्दल असं ऐकून घेणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

नीसमध्ये जन्मलेली ही फ्रेंच मुलगी जिम्नॅस्टिक्सही शिकलेली. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं युरोपची विजेती. जागतिक स्पर्धेत मात्र तीनदा ओळीने रौप्यच. १९९४ मध्ये जपानमधल्या चिबाला तर जपानच्याच युका सातो हिच्याशी बरोबरी झाली आणि परीक्षकांच्या पाच विरुद्ध चार अशा कौलाने सुवर्ण सातोकडे गेलं. सूर्या विजयमंचावर चढायला तयार नव्हती. गळ्यात घातलेलं पदक तिने तिथल्या तिथे काढलं, लोकांनी हुर्यो उडवली. ती चुकलीच, सातोही सुरेख खेळली होती. पण एका मताने हुकलेलं सुवर्ण विसरायचं कसं, हे मला आजही कळत नाही.

पुढे १९९६ मध्ये टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला. तरी १९९८ ला ती नागानो ऑलिंपिकला उतरली. पदक हातचं गेलेलं. आणि चालू कार्यक्रमात तिने बॅकफ्लिप मारली! स्पर्धेत ही उलटी कोलांटी १९७६ नंतर बंद झालेली. धोका होताच, शिवाय उडी एका पायावर उतरावी हा दंडक, आणि बॅकफ्लिप एरवी दोन पायांवर उतरते. सूर्या एका पायावर उतरली. जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर. चित्रफीत थांबवून थांबवून बघ: एक पाय बर्फाला टेकलाय, दुसरा अजून हवेतच आहे. गुण कापले जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून तिने प्रेक्षकांना अभिवादन केलं. नंबर दहावा आला.

माझ्या मते ती प्रोफेशनल झाली ती त्या क्षणी; करारबिरार नंतरचे. पुढे 'चॅम्पियन्स ऑन आइस' या बर्फावरच्या शोच्या दौऱ्यांत हीच बॅकफ्लिप तिची ओळख बनली. आणि शो म्हणजे आराम, हेही मनातून काढून टाक. स्पर्धेत सगळं मैदान लख्ख उजळलेलं असतं. शोमध्ये चहूकडे अंधार आणि तोंडावर झोत, त्यात बर्फाचा अंदाज घेऊन उडायचं. दुसऱ्या गावी पुन्हा तेच, अंग ठणकत असलं तरी. समोरच्याने तिकीट काढलेलं असतं.

२०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बंदी उठवली. तेव्हा सूर्या पन्नास वर्षांची होती.

नागानोची ती चार मिनिटं आज रात्री बघ आणि मग फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागाच आहे.

तुझाच,
जुना मित्र